आईबाबांना घेऊन इंग्लंडमधल्या जुन्या कॉटेजमध्ये राहायचंय, कोणाला अनुभव आहे का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आम्ही रीडिंगजवळ राहतो, पाच वर्षं झाली. आईबाबा सप्टेंबरमध्ये सांगलीहून येतायत आणि ऑक्टोबरच्या हाफ टर्मला मुलीला सुट्टी असते तेव्हा सगळ्यांनी मिळून चार दिवस कुठेतरी खेड्यात जाऊन राहायचं असं चाललंय. मागच्या खेपेला बाथ, लेक डिस्ट्रिक्ट सगळं दाखवलं पण हॉटेलात राहून, आणि बाबा जाताना म्हणाले, फिरलो खूप पण ह्या लोकांची घरं आतून कशी असतात ते काही बघायला मिळालं नाही. ते मला फार लागलंय. म्हणून ह्यावेळी जुनं घरच घ्यायचं, जे आता सुट्टीसाठी भाड्याने देतात तसं.

दोन घरं निवडून ठेवलीयत. एक सफोकमध्ये लॅव्हनमच्या जवळ, शाकारलेल्या छपराचं, काळ्या लाकडी चौकटी आणि मधे पांढऱ्या भिंती, जाहिरातीत सोळावं शतक लिहिलंय. दोन बेडरूम वर, बाथरूम खाली. दुसरं कॉट्सवोल्ड्समध्ये मोरटन-इन-मार्शपासून दहा मिनिटांवर, दगडी बार्न, म्हणजे शेतावरचं धान्याचं कोठार होतं त्याचं घर केलंय, बेडरूम आणि बाथरूम खालीच, वर माळ्यावर एक खोली. नवऱ्याला पहिलं आवडलंय कारण दिसायलाच ते इतकं देखणं आहे. मला ठरवता येत नाहीये.

बाबा ७१, गुडघे दुखतात पण सपाटीवर दोनतीन किलोमीटर आरामात चालतात, जन्म शेतीत गेलाय. आईला थंडी सोसत नाही आणि ती सकाळी साडेपाचला उठून चहा ठेवणारच. स्वयंपाक घरीच करायचा आहे. अशा घरात फोडणीबिडणी चालते का? घर गरम होतं का? आणि काय विचारून घेऊ मालकाला बुकिंगच्या आधी?

सफोककर

ताई, लॅव्हनमच्या बाजूला आम्ही दोनदा राहिलोय अशाच घरात त्यामुळे लिहितो. घर सुंदर असणार ह्यात शंका नाही पण आईबाबांसाठी घेऊ नका. कारण जिना. ह्या घरांमध्ये जिना बहुतेक चुलीच्या धुराड्याला चिकटून एका कपाटात कोंबल्यासारखा असतो, वळणाचा, पायरी एका टोकाला वीतभर आणि दुसऱ्या टोकाला दोन बोटं, धरायला बऱ्याचदा फक्त एक दोरी. दिवसा आपण हसत चढतो. रात्री दोन वाजता झोपेत बाथरूमसाठी खाली उतरायचं म्हटलं की माझ्या सासऱ्यांनी तिसऱ्या रात्री सोफ्यावरच अंथरूण घातलं. शिवाय दारांच्या वरच्या चौकटी इतक्या खाली की मी ५ फूट ८ इंच असून दिवसातून एकदा तरी कपाळ आपटायचं.

पण तुम्ही दोघंच कधी गेलात तर मात्र जरूर जा. त्या भिंती म्हणजे आपल्या कोकणातल्या कुडाच्या भिंती हो. ओकच्या चौकटीत काटक्यांचं विणकाम आणि त्यावर माती, चिरलेलं गवत आणि शेण कालवून लिंपण. एका ठिकाणी भिंतीतला हातभर तुकडा मुद्दाम उघडा ठेवून काच लावली होती, माझी आई काचेला नाक लावून बघत राहिली आणि म्हणाली ही तर आमच्या गुहागरच्या गोठ्याची भिंत. आणि मोठ्या चुलीवरची जी आडवी तुळई असते ना, तिच्यावर तिरपा उजेड टाकून बघा, कंपासने काढल्यासारखी सहा पाकळ्यांची फुलं कोरलेली सापडतात, कुठे मेणबत्तीच्या ज्योतीने मुद्दाम पाडलेले थेंबाच्या आकाराचे डाग. घरात वाईट काही शिरू नये म्हणून. धुराड्यातून वारा आत येतो, दारातून येतो, म्हणून तिथेच खुणा. २०१६ मध्ये हिस्टॉरिक इंग्लंड ह्या जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी संस्थेने लोकांना आवाहन केलं होतं की अशा खुणा दिसल्या तर कळवा. आपण उंबऱ्यावर रांगोळी काढतो, दारावर स्वस्तिक काढतो, तेच.

सफोकमध्येच पर्टन ग्रीन म्हणून तेराव्या शतकातलं एक घर आहे, लँडमार्क ट्रस्टचं. ही संस्था १९६५ पासून पडायला आलेल्या जुन्या इमारती घेऊन दुरुस्त करते आणि भाड्याने देते, त्याच पैशातून देखभाल होते. पर्टन ग्रीनला दारापर्यंत रस्ताच नाही, सामान ढकलगाडीवर टाकून शेतातून न्यायचं. त्यांच्या घरांत टीव्ही नाही, वायफाय नाही, एक मोठी वही असते, आधी राहून गेलेल्यांनी पानं भरभरून लिहिलेली. आम्ही त्यांच्या एका घरात राहिलो तेव्हा पावसाची पूर्ण संध्याकाळ ती वही वाचण्यात गेली.

चुनावाळू

मी इथे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे, आधी पुण्यात वाड्यांचं काम करायचो. सफोककरांशी सहमत, बार्न घ्या. पण कुठलंही घेतलंत तरी दोनतीन गोष्टी समजून घेतल्या तर घराचा राग येणार नाही.

ही घरं बहुतेक लिस्टेड असतात, म्हणजे सरकारी यादीतली. तीन दर्जे आहेत, ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू, आणि यादीतल्या दहातल्या नऊ इमारती ग्रेड टूच आहेत. यादीत असली की मालकाला मनाला येईल तसं काही बदलता येत नाही. खिडकीला दुहेरी काच बसवायची, दार रुंद करायचं, सगळ्याला कौन्सिलची परवानगी. त्यामुळे खिडकी एकेरी काचेची आणि जवळ बसलं की गार वारा लागतो ह्याचा अर्थ मालक कंजूष आहे असा नाही. जाड पडदे असतात, अंधार पडला की लगेच ओढून घ्या, खूप फरक पडतो.

दुसरं ओल. आपल्या वाड्यांसारखंच इथेही जुनं बांधकाम चुन्याचं आहे. चुन्याच्या घाण्यावर मळलेला चुना ज्याने बघितलाय त्याला सांगायला नको, ती भिंत ओल शोषते आणि परत बाहेर सोडते, तिला हवा लागते. मधल्या काळात लोकांनी हौसेने वरून सिमेंट थापलं, ओल आत कोंडली आणि भिंती सडल्या, आता तेच सिमेंट खरवडून काढायची कामं मी करतो. तुम्ही चार दिवस राहणार त्यात काय करायचं तर एवढंच की ओले कपडे बंद खोलीत रेडिएटरवर टाकू नका, आंघोळीनंतर खिडकी दहा मिनिटं उघडा.

तिसरं आणि महत्त्वाचं, तापणं. कॉट्सवोल्ड्सची दगडी भिंत अर्धा मीटर जाड असते. ती एकदा गार पडली की तापायला पूर्ण दिवस लागतो, आणि तापली की मग गार व्हायलाही दिवस लागतो. मालकाला सांगून ठेवा की आम्ही यायच्या आदल्या दिवशी हीटिंग चालू करा. बार्नमध्ये बऱ्याचदा जमिनीखालून हीटिंग असतं, ते सावकाश चालतं, तासातासाला थर्मोस्टॅट वरखाली करत बसू नका.

छपराकडे एकदा मान वर करून नक्की बघा. तिथे कौलं दगडाची असतात, चुनखडीच्या पातळ फरश्या. खाली वळचणीला सगळ्यात मोठ्या आणि वर आढ्याकडे जाताना लहान लहान होत गेलेल्या. जुन्या छपरांत प्रत्येक फरशीला भोक पाडून लाकडी खुंटीने ती पट्टीवर अडकवलेली असते. मी गेली सात वर्षं हे छप्पर बघतोय, अजून बघत राहावंसं वाटतं.

पोळीभाजी

स्वयंपाकाचं मी सांगते. पहिला प्रश्न मालकाला हा विचारा की शेगडी कसली आहे. इंडक्शन असेल तर आपला साधा अॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही, आम्ही एकदा कुकर, तवा, कढई सगळं लादून नेलं आणि तीन दिवस त्यांच्या एका पातेल्यात भात-पिठलं केलं. बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते घरीच बघायचं.

काही घरांत आगा असते, ती ओतीव लोखंडाची मोठी जड शेगडी, कायम पेटलेली. गुस्ताफ दालेन नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये काढली, त्याला आधी १९१२ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेलही मिळालेलं. जुन्या आगाला बटण नाही, आच कमीजास्त करायची सोय नाही, भांडंच सरकवायचं. वर दोन चकत्या, एक कडक आणि एक मंद. कुकर कडक चकतीवर ठेवायचा, शिटी झाली की मंदवर सरकवायचा. आणि मंद चकतीवर मी तांदळाच्या पिठाचे घावन थेट घातलेत, तव्याशिवाय, जाळी अशी सुटली की विचारू नका. फक्त झाकण काम झालं की लगेच पाडायचं, उघडं राहिलं की सगळी उष्णता उडून जाते.

फोडणी चालते. पण बार्न म्हणजे वरपर्यंत एकच उघडी खोली, धूर थेट वर आढ्याला जातो आणि तिथला अलार्म वाजतो. पंखा आधी लावा, खिडकी उघडा, तेल फार तापवू नका. हळदीचं मात्र जिवावर बेतल्यासारखं सांभाळा. आमचा एका ठिकाणी पाइनच्या घासलेल्या टेबलावर आमटीचा वाडगा कलंडला, पुसला तरी पिवळं राहिलंच आणि डिपॉझिटमधले ४० पौंड गेले. तेव्हापासून मी घरून मेणकापड नेते आणि पहिल्यांदा तेच पसरते. आणि खेड्यात बऱ्याचदा ड्रेनेज नसतं, सेप्टिक टँक असतो, तेव्हा सिंकमध्ये तेल आणि भात ओतायचा नाही, संडासात वेट वाइप्स टाकायचे नाहीत.

निवांत

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. आम्ही गेल्या वर्षी नदीकाठच्या जुन्या पाणचक्कीचं केलेलं घर घेतलं होतं, फोटो अप्रतिम. पोचलो तर घर थंडगार, हीटिंगचं तेल संपलेलं, मालकाचा फोन लागेना कारण आमच्याच मोबाइलला रेंज नव्हती. लाकडं होती पण ओली, स्टोव्ह धुमसत राहिला आणि आईला रात्रभर खोकला. दुसऱ्या दिवशी दुपारी तेल आलं. पैशाने भागलं, अर्धं भाडं परत मिळालं, पण म्हाताऱ्या माणसांची एक रात्र वाईट गेली ती गेलीच. म्हणून म्हणतो, हीटिंग तेलावर आहे का, टाकी भरलेली असेल का, लाकडं भट्टीत वाळवलेली आहेत का, रात्री कोणाला बोलवायचं, हे चारही प्रश्न लेखी विचारा. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना हे पोचल्यापोचल्या बघा.

कृष्णाकाठची

केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. नवऱ्याला जिन्याचा परिच्छेद वाचायला दिला, त्याने लगेच बार्नला होकार दिला. मालकीणबाईंना निवांत यांचे चारही प्रश्न पाठवले, एका तासात उत्तर आलं, जमिनीखालून हीटिंग आहे, आदल्या दिवशी सकाळी लावून ठेवते म्हणाल्या, शेगडी इंडक्शन आहे (कुकर नवा घेतला!). आता एकच, आजूबाजूला बाबांना काय दाखवू? सगळ्या याद्यांमध्ये बायबरी नावाचं गाव आहे.

आडवाट

बायबरीला जा पण सकाळी नऊच्या आत. आर्लिंग्टन रो ही ती प्रसिद्ध घरांची रांग, १३८० च्या सुमारास मठाचं लोकरीचं कोठार म्हणून बांधलेली, सतराव्या शतकात तिची विणकरांची घरं केली, समोरच्या ओल्या कुरणात कापड वाळत घालायचे. आता नॅशनल ट्रस्ट ह्या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे आणि त्यातलं एक घर राहायला भाड्याने मिळतं. बाकीच्या घरांत माणसं कायमची राहतात, खिडकीतून डोकावू नका, मुलीलाही सांगा, दिवसभर बसने आलेले लोक त्यांना तो त्रास देतात.

पण तुमच्या बाबांना मी आधी सीझिनकोटला नेईन. मोरटनपासून अगदी जवळ आहे. ईस्ट इंडिया कंपनीत राहून आलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या आर्किटेक्ट भावाने १८०५ च्या सुमारास बांधलेलं घर, वर कांद्याच्या आकाराचा तांब्याचा हिरवा घुमट, छत्र्या, छज्जे. बागेत ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेत, वर सूर्याचं छोटं देऊळ. कंपनीच्या पैशातून उभं राहिलेलं आहे हे बघताना मनात येतंच, मला तरी तिथे आनंद आणि कळ दोन्ही झाली. उघडं ठरावीक दिवशीच असतं, तेवढं आधी तपासा.

गाडी सांभाळून. खेड्यातले रस्ते एका गाडीपुरतेच, दोन्हीकडे उंच कुंपणं, समोरून ट्रॅक्टर आला की जो रुंद जागेच्या जवळ असेल त्याने मागे घ्यायचं. पोस्टकोडवर विसंबू नका, एकाच पोस्टकोडमध्ये चार फार्म असतात, मालकीणबाईंकडून शेवटच्या मैलाचं वर्णन मागा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, त्यानंतर पाचच्या सुमारास अंधार आणि रस्त्यावर एकही दिवा नाही, टॉर्च प्रत्येकाला एक. सामान सुपरमार्केटमधून थेट घरी मागवा, स्लॉट आठवडाभर आधी धरा.

आणि पायवाटा! लोकांच्या खाजगी शेतातून जायचा हक्क असलेल्या वाटा आहेत, पिवळ्या बाणाच्या खुणा असतात. फाटक उघडलं तर लावून घ्यायचं, वासरांसोबतच्या गायींच्या मधून जायचं नाही. कुंपणावरून चढायच्या पायऱ्या गुडघ्यांना जड जातील, म्हणून जिथे फाटकं आहेत अशी वाट मालकीणबाईंनाच विचारा.

कृष्णाकाठची

परवा परत आलो, लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

घर ऊबदार होतं, आत शिरताच आईने मोजे काढले आणि फरशीवर अनवाणी फिरली, तिथेच माझी अर्धी काळजी गेली. टेबलावर दूध, अंडी, ब्रेड आणि एक फाइल होती घराच्या माहितीची. मी बॅगा उघडेपर्यंत बाबा बाहेर जाऊन घराला पूर्ण प्रदक्षिणा घालून आले. म्हणाले, हे घर नव्हे, खळं आहे.

म्हणजे झालं असं की त्या बार्नला समोरासमोर दोन प्रचंड दारं होती, आता तिथे मजल्याएवढ्या काचा आहेत. एक दार खूप उंच आणि समोरचं जवळजवळ अर्ध्या उंचीचं. बाबांनी मला उंच दारात उभं केलं. ह्यातनं पेंढ्यांनी लादलेली गाडी आत यायची, मधे रिकामी व्हायची आणि त्या बुटक्या दारातनं बाहेर, गाडी मागे वळवायला नको. आणि दोन्ही दारं सताड उघडली की मधनं वारा वाहणार, म्हणजे मळणी झाली की तिथेच उफणणी. मग भिंतीतल्या उभ्या चिंचोळ्या फटी दाखवल्या, ह्या धान्याला हवा लागावी म्हणून. मी फाइल उघडली तर पहिल्याच पानावर शब्द न् शब्द हेच. फरक एवढाच की इथे बैलांची पात नव्हती, माणसं लाकडी दांडक्यांनी झोडपून मळणी करायची आणि ती हिवाळाभर चालायची. बाबा म्हणाले, पाऊसच इतका, खळं छपराखालीच घ्यावं लागणार.

रात्री स्टोव्हसमोर बसून उरलेली फाइल मी मराठीत करून वाचून दाखवली. मळणीची यंत्रं आली तेव्हा मजुरांची हिवाळ्यातली रोजी गेली आणि १८३० मध्ये दक्षिण इंग्लंडभर त्यांनी यंत्रं फोडली, काहींना फाशी झाली, शेकडो जणांना ऑस्ट्रेलियाला पाठवलं. बाबा बराच वेळ गप्प होते, मग आमच्या वाडीत पहिलं मळणी मशीन आलं तेव्हा कोणाकोणाची सुगी बुडाली ती नावं सांगत बसले. ही नावं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

बाकी थोडक्यात. अलार्म एकदाच वाजला, मिरची भाजताना. मेणकापड नेलं होतं, डिपॉझिट पूर्ण परत आलं. मालकीणबाईंनी फाटकांची वाट नकाशावर काढून दिली, बाबा रोज सकाळी तीच चालले. सीझिनकोटला आईने नंदीच्या पाठीवर हात ठेवला आणि सवयीने शिंगांमधून पलीकडे बघितलं, पलीकडे फक्त झाडं होती.

निघायच्या दिवशी बाबांनी पाहुण्यांच्या वहीत लिहायला मागितलं. मोडीत सही करतात ते अजून, वडिलांनी शिकवलेली. त्यांनी मराठीत चार ओळी लिहिल्या, किती एकरांचं धान्य त्या खळ्यात मावत असेल ह्याचा त्यांचा अंदाज, आणि खाली मोडीत सही. मालकीणबाईंनी काल मेल केलाय, ह्याचा अर्थ सांगाल का म्हणून. आता तेच इंग्रजीत लिहायला बसलेय, आधी बाबांना फोन करून एकराचा हिशोब नीट विचारून घेते.